काशीराम घाडीचा होकार

असल्फ्याच्या टेकडीवरच्या बैठ्या चाळीत काशीराम घाडीनं गाऱ्हाणं घालायला तोंड उघडलं, की खाली नळावर हमरीतुमरीवर आलेल्या बायकासुद्धा हंडे तसेच कमरेवर धरून गप्प उभ्या राहत. असा आवाज. गिरणीत कापड विणणाऱ्या साच्यांच्या खडखडाटात उभी हयात गेलेली, त्यामुळे हळू बोलणं त्याला माहीतच नव्हतं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या दशरथान तुझ्याफुडे नारळ ठेवल्यान हा, तो मान्य करून घे. तेच्या झिलाक नोकरी नाय, ती लाव. तेच्या दाराकडे कोण वाकड्या नजरेन बघत असात, तर ती नजर थयच्या थय फिरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेली सगळी माणसं एका सुरात म्हणत. मागच्यांना धड ऐकू आलेलं नसे. कुणी पोराचं नाक पुसत असे, कुणाचं लक्ष प्रसादाच्या पातेल्यावर. पण 'व्हय' मात्र चुकत नसे. गाऱ्हाण्याची रीतच ती. एकानं मागायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा.

गावाकडे हा मान घाडी घराण्याचा. थोरला भिकाजी गावच्या देवळात गाऱ्हाणं घाली, धाकटा काशीराम मुंबईत. आणि दोघांनाही बापानं एकच गोष्ट बजावून ठेवलेली, की घाड्यानं मागायचं ते दुसऱ्यासाठी. स्वतःसाठी देवापुढे तोंड उघडायचं नाही.

काशीरामनं ते इतकं मनावर घेतलं होतं, की डॉक्टर तळपदेबाईंपुढेही त्याचं तोंड उघडत नसे.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना घाटकोपर स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. बाई हुशार, हाताला गुण, पण जिभेला धार. बाहेर बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसलेली, त्यामुळे बोलणं चालत्या गाडीत चढल्यासारखं. मान खाली, पेन कागदावर.

"गोळी घेता?"

"व्हय."

"वेळेवर?"

"व्हय."

"भात कमी? गोड बंद?"

"व्हय."

"बाकी ठीक ना? चला, महिन्यानं या. पुढचा!"

मागच्या गणपतीनंतर काशीरामची साखर चांगलीच चढलेली निघाली. चढेल नाहीतर काय! चाळीतल्या घराघरांतल्या गणपतीपुढे गाऱ्हाणं घालायचं आणि मोदकाला नाही म्हणायचं? बाईंनी विचारलं, "पथ्य पाळता ना नीट?" काशीराम म्हणाला, "व्हय." बाईंनी मनाशी ठरवलं, पथ्य पाळूनही साखर वाढतेय, म्हणजे गोळी पुरत नाही. त्यांनी एकाच्या दोन केल्या.

दिवाळी सरली आणि ते सुरू झालं.

गिरणी संपात गेल्यापासून काशीराम साकीनाक्याच्या एका लेथ मशीनच्या वर्कशॉपवर दिवसपाळीचा वॉचमन होता. एके दुपारी माल आला म्हणून जेवण राहिलं होतं. शटरचं कुलूप उघडायला त्यानं खिशातून जुडगा काढला आणि तो बघतच राहिला. हातात काहीतरी लोखंडी होतं. ते कशाला असतं, ते आठवेना. मानेवरून घामाचे ओघळ, गुडघ्यांत कापरं, आणि छातीत कुणीतरी जोरजोरानं दार वाजवतंय.

समोरचा चहावाला दादू ओरडला, "काय घाडी, भरदुपारी लावली काय? ये, बस हितं. कटिंग घे."

काशीराम आयुष्यात दारूच्या वाटेला गेला नव्हता. पण तेही त्याला सांगता येईना, जीभ जडावली होती. दादूनं ग्लास हातात दिला. पाकासारखा गोड चहा. दोनचार घोट गेले, आणि हळूहळू किल्ली पुन्हा किल्ली झाली.

असं मग पुन्हा झालं. पुन्हा झालं. दर वेळी दादूचा चहा. काशीरामच्या मनानं मात्र उलटाच हिशोब मांडला. बाईंनी साखर बंद केलीय आणि आपण चोरून गोड पितोय, त्याचंच हे फळ. मग तर डॉक्टरीणबाईंना सांगायची सोयच उरली नाही.

तरी तोवर भीतीला नाव नव्हतं. ते शिमग्यानंतर मिळालं. गावचा अनंता आमसुलांची पिशवी घेऊन आला. चहा झाला, गावच्या पालखीच्या गप्पा झाल्या, आणि काशीरामनं विचारलं, "दादा कसो आसा रे आमचो?"

अनंता बशीकडे बघत राहिला. "काका... तेंका बांधून ठेवतत."

"बांधून? कोण?"

"वयनीच. काय करतली ती? सकाळचे उठतत ते कायच्या काय बोलतत. वयनीक ओळखणत नाय. परवा पेजेचा मडक्या फेकल्यानी, बावीकडे धावत गेले. दोराचे वळ उठाक लागले म्हणान आता वयनी आपल्या जुन्या लुगड्यान खांबाक बांधता. दुपारी पेज खाल्ल्यार बरे होतत. मगे रडतत."

"भगत काय म्हणता?"

"घराण्यार बाधा म्हणता. सूर्य डोक्यार येईसर तोंडात अन्न घालू नको म्हणून सांगितल्यान हा."

काशीरामची बायको रुक्मिणी पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. मग काशीराम म्हणाला, "आणि साखरेच्या गोळये?"

या गोळ्या काशीरामच पाठवायचा. भिकाजीच्या लघवीला मुंग्या लागल्या तेव्हा त्यानं ओळखलं, दादालाही आपलाच आजार. एका रक्ताचे भाऊ, मग औषध वेगळं कशाला? बाईंच्या कागदावर केमिस्ट मागू तेवढ्या पट्ट्या देई. गावी जाणाऱ्या कुणाच्याही पिशवीत काशीराम भावाची पुडी टाकी. घरात आलेला फणस अर्धा भावाला पाठवावा, इतक्या सहजपणे. आणि स्वतःच्या एकाच्या दोन झाल्या तेव्हा त्यानं निरोपही धाडला होता, दादालाही दोन द्या.

"गोळये वयनी स्वता तोंडात घालता. चुकवणा नाय."

"चुकव नको म्हणान सांग," काशीराम म्हणाला, आणि नवी पुडी बांधायला उठला.

त्या दिवसापासून भीती घरात राहायलाच आली. दादाचं झालं तेच आपलं होतंय. घराण्यात शिरलंय ते. काशीराम रोज पहाटे डोळे उघडायच्या आधी मनातल्या मनात गाऱ्हाण्यातली देवांची नावं घ्यायचा. वेशीवरचा, पाणवठ्यावरचा, माडाखालचा. सगळी ओळीनं आली, की आजचा दिवस शहाणा. मग डोळे उघडायचे. रॉकेलचा स्टोव्ह त्यानं आपल्या अंथरुणापासून लांब नेऊन ठेवला. विळी फळीवर, उंच. रुक्मिणीचं जुनं लुगडं दोरीवर वाळताना दिसलं की तो तोंड फिरवी.

एका सकाळी पाणवठ्यावरच्या देवाचं नाव आठवेना. तो अंथरुणात पडून ओठ हलवत राहिला, उशी घामानं भिजली.

"काय पुटपुटतास?" रुक्मिणी.

"काय नाय."

"माका येडी समाजतास? गेले कितीतरी दिवस बघतंय. माका नाय तर त्या डॉक्टरणीक तरी सांगा."

"काय सांगू? डोक्या फिरता म्हणान सांगू? कागद लिवन देतली आणि सरळ ठाण्याच्या येड्यांच्या हास्पिटलात धाडतली. थय बांधतत काय सोडतत, कोण बघूक इलो हा?"

"अवो, पण..."

"एक शब्द काढशीत तर बघ."

रुक्मिणीनं शब्द काढला नाही. पण पुढच्या वेळी दवाखान्यात ती बरोबर निघाली. "माजो गुडघो दाखवूचो आसा," म्हणाली. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं.

त्या सकाळी रक्त तपासायला रिकाम्या पोटी बोलावलं होतं. कंपाउंडर धोंडिराम, हाही मालवणकडचाच, दारातच भेटला. "घाडीनु, काय खाल्लास नाय मां?"

"नाय."

"गोळी?"

"घेतलंय. दोनय."

धोंडिरामनं मान डोलावली आणि तो बाटल्या धुवायला गेला. बाईंचा पत्ता नव्हता. कुणाच्या तरी घरी तातडीनं गेल्या होत्या. बाक भरत गेलं. ब्लडप्रेशरवाली अंजनाबाई कोळीण आपली पाटी बाहेर ठेवून आली होती आणि दर थोड्या वेळानं दारातून पाटीकडे नि मांजराकडे बघत होती.

"काय गो बाय," ती रुक्मिणीला म्हणाली, "ही डॉक्टरीण माझ्यापेक्षा उशिरा बाजार लावते. माझं प्रेशर तर हितं बसूनच चढतं."

बाकावरची माणसं हसली. काशीरामला हसू दिसलं, पण ऐकू आलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरमधले आकडे मुंग्यांसारखे जागा सोडून चालायला लागले. त्यानं ओळखलं. इथं नको. देवा, इथं नको. सगळ्यांच्या समोर, बाईंच्या दारात! त्यानं बाकाची कड घट्ट धरली. घाम हनुवटीवरून टपटपला. शहाणं राहायचा त्याला एकच मार्ग माहीत होता. त्यानं देवांची नावं घ्यायला सुरुवात केली. मनात घ्यायची होती, पण मन कुठं आणि तोंड कुठं ते कळेनासं झालं होतं.

"बा देवा म्हाराजा!"

आख्खा दवाखाना दचकला.

"बारा वाटांच्या देवा म्हाराजा! हो काशीराम तुझ्याफुडे उभो आसा... तेका बांधू नको रे! लुगड्यान बांधू नको! तेचा डोक्या तेका परत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आतून बाटल्या धुता धुता धोंडिराम म्हणाला. सवयीनं. आणि मग आपण काय बोललो ते कळून हात ओलेच घेऊन धावत बाहेर आला.

"अगो आयो, अंगात आलंय याच्या!" अंजनाबाई भिंतीला चिकटली. "हळद-कुंकू हाय का कोणाकडं?"

रुक्मिणी नवऱ्याचा दंड धरून रडत होती. तो तिला ओळखत नव्हता. कोण ही बाई, हिच्या हातात काय आहे, ती बांधायला आलीय का? त्यानं तिला ढकललं. तेवढ्यात तळपदेबाई दारातून आत आल्या. बॅग खाली टाकली, सरळ त्याच्या मानेला हात लावला. मान ओलीचिंब, गार.

"धोंडिराम, ग्लुकोज! ते सापडत नसेल तर चहाच्या डब्यातली साखर आण, पळ!"

साखरेचा चमचा ओठांशी आला तसे काशीरामनं दात घट्ट मिटले. "साखर नको. बाई वराडतली."

"अहो, बाई मीच! मीच सांगतेय, उघडा तोंड!"

थोडा वेळ गेला. कॅलेंडरचे आकडे आपापल्या चौकटीत परत बसले. समोर रुक्मिणी होती. तिच्या कोपराला खरचटलं होतं. ते आपल्या हातून झालं हे काशीरामला कळलं, आणि त्यानं तोंड ओंजळीत लपवलं.

बाईंनी दोघांना आत घेतलं, दार लावलं. टेबलामागच्या खुर्चीवर न जाता त्या तपासायच्या स्टुलावरच बसल्या, त्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

"हे आधी झालं होतं?"

"दिवाळीपासून," रुक्मिणी म्हणाली.

"दिवाळीपासून! आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तुमी इचारलास खय?" रुक्मिणी आता कुणाला घाबरायच्या पलीकडे गेली होती. "बाकी ठीक मां, म्हणून इचारतास आणि फुडच्याक हाक मारतास."

बाईंनी पेन हातात घेतलं होतं, ते परत ठेवलं. "बरोबर आहे. नाही विचारलं. पण घाडी, गणपतीनंतर पथ्याचं तरी विचारलं होतं ना? तुम्ही होय म्हणालात. म्हणून मी गोळी दुप्पट केली."

"मोदक खाल्लेले," काशीराम पुटपुटला. "पण तुमका नाय कसा म्हणतलंय, बाई? एकान बोलाचा आणि बाकीच्यांनी व्हय म्हणाचा. आमची रीतच ती."

बाईंचा चेहरा उतरला. "ऐका. तुम्हाला वेड लागत नाहीये. ही बाधाही नाही. पोटात गोळी आहे आणि अन्न नाही, म्हणून रक्तातली साखर फार खाली जाते. मेंदू उपाशी राहतो. मग माणूस बरळतो, घामानं भिजतो, घरच्यांना ओळखत नाही. कुणी मारतं, कुणी पळत सुटतं. साखर मिळाली की माणसात येतो."

रुक्मिणीनं हात जोडले. आता नवरा सुटकेचा श्वास टाकेल म्हणून तिनं त्याच्याकडे पाहिलं. काशीरामच्या तोंडावरचा होता नव्हता तो रंग गेला होता.

"बाई... ह्या सकाळीच होता?"

"बहुतेकदा. पोट रिकामं असतं तेव्हा."

"आणि दुपारी पेज खाल्ल्यार बरो होता माणूस?"

"तुम्ही कुणाबद्दल विचारताय?"

मग त्यानं सांगितलं. पुड्या, निरोप, दोन-दोन गोळ्या, खांब, लुगडं, भगत, उपास. गाऱ्हाणं घालणारा आवाज, पण इतका बारीक, की बाईंना पुढे वाकून ऐकावं लागलं. शेवटी तो म्हणाला, "तो येडो नाय. मी तेका येडो केलंय."

"ते नंतर," बाई उठल्या. "आजही सकाळी दिल्या असतील गोळ्या?"

"रोज देता. चुकव नको म्हणान मीच सांगितलंय."

"बरो होतलो मां तो?" रुक्मिणीनं विचारलं.

"खोटं सांगत नाही. इतके दिवस रोज हे झालंय. काही परत येतं, काही येत नाही. पण आज काय होईल ते आजच थांबवायला हवं. तिथं फोन कुठं आहे?"

"पोस्टात."

बाईंनी लाइटनिंग कॉल, म्हणजे सगळ्यांत तातडीचा ट्रंक कॉल, लावला, पोस्टमास्तराला सांगून वहिनीला बोलवायला माणूस पळवला, आणि फोन ठेवला. वहिनी पोस्टात पोचली की तिकडून घंटा येणार होती. "तोवर पाठ करा," त्या म्हणाल्या, आणि काय करायचं ते एकेक सांगितलं. "समजलं?"

"व्हय."

बाई थांबल्या. त्या शब्दाकडे त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. "नाही. होय नको. मी काय सांगितलं, ते मला तुम्ही सांगा."

काशीरामनं सांगितलं. साखरेचं पाणी आलं, पेज आली. "आणि गोळी अर्धी करूची."

"अर्धी नाही, घाडी! बंद. पूर्ण बंद!"

त्याच्या अंगावर काटा आला. आताच होय म्हणून उठलो असतो तर?

घंटा वाजली. लाइनीत खरखर, जणू गिरणीतलं साच्यांचं खातं. पलीकडे मालन वहिनी, आयुष्यात पहिल्यांदा फोन धरलेली, श्वास लागलेली. काशीराम उभा राहिला आणि त्यानं तो आवाज काढला. बाहेर बाकावरची माणसं ऐकू लागली.

"वयनी! दादा बांधलेलो आसा?"

"व्हय, भावजी!"

"आज गोळये दिलंस?"

"व्हय. सकाळीच."

"खाऊक?"

"भगतान सांगितल्यान ना... सूर्य डोक्यार येईसर..."

काशीरामनं डोळे मिटले, उघडले. "नीट आयक! ती बाधा नाय. ता माझ्या गोळयांचा इख आसा. साखरेचा पाणी कर, घट्ट!"

"व्हय!"

"गिळता तर पाज! गिळणा नसात तर घशात ओतू नको. हिरडेक साखर चोळ!"

"व्हय!"

"मगे पेज भरव! गोळये परत देव नको, एकय देव नको! आणि गाडी करून डॉक्टराकडे ने!"

"व्हय, भावजी!"

सगळे 'व्हय' एकाच सुरातले. घाबरलेले, आज्ञाधारक, पोकळ. काशीराम तो सूर ओळखत होता. आतापर्यंत या टेबलापुढे बसून त्यानं स्वतः तोच भरला होता. तिकडे दादा खांबाला, इकडे आपण ओरडतोय, आणि मध्ये हा होकार. रिकामा.

"वयनी! व्हय म्हणू नको! मी काय सांगितलंय, ता तू माका सांग!"

खरखर. नुसती खरखर. डॉक्टरीणबाईंनी टेबलाची कड धरली होती. दारात धोंडिराम, त्याच्या मागे अंजनाबाई पदर तोंडाशी धरून.

"वयनी? आसंस मां?"

खूप लांबून, मध्येच बुडत, मध्येच वर येत, मालनचा आवाज आला.

"आदी... आदी तेंका सोडूचा."

हे त्यानं सांगितलंच नव्हतं. बाईंनीही नाही.

"व्हय, वयनी," काशीराम म्हणाला. त्याचा तो आवाज फुटला, पण त्यानं फोन सोडला नाही. "आदी सोड. आणि मगे? मगे काय करशीत, सांग माका."